मध्याचं शास्त्र आणि माझं नाक

मधुकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नळाखाली हात धूत होतो. यात विशेष काही नाही, दिवसातला बराच वेळ मी हातच धूत असतो. फोन सुमनवहिनींचा, म्हणजे मधुकरच्या बायकोचा. "भावोजी, हे गेले. आत्ता, सकाळी. चहा मागितला आणि तो येईपर्यंत..." मी "अरेरे" म्हणालो, "निघतोच" म्हणालो, फोन ठेवला, आणि मनात जे पहिलं आलं ते असं होतं... सुटलो. मध्या सुटला, असं नव्हे. तसं तर सगळेच म्हणतात. मी सुटलो. दर रविवारी त्या खोलीत जायचं की नाही, हा माझा प्रश्न मिटला. पंचेचाळीस वर्षांचा मित्र गेला आणि माणसाच्या मनात पहिलं हे यावं! थू असल्या मनावर.

पुढे पंधरा दिवसांनी दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर, आपल्या राज्याच्या अतिथिगृहात त्याची शोकसभा झाली. तिथे मी माइकसमोर उभा राहून भरल्या सभागृहात म्हणालो, "मी शेवटपर्यंत त्याच्या सोबत होतो." हे धादांत खोटं आहे. शेवटचे चार महिने मी त्याच्या घराची पायरी चढलो नव्हतो. आणि घर कुठे, तर इथेच नोएडात, माझ्या घरापासून दोन सेक्टर सोडून. रमतगमत गेलं तरी वीस मिनिटं. मग का नाही गेलो? तर मला त्याची किळस येत होती म्हणून. त्याच्या अंगाची, त्याच्या खोलीची, त्या वासाची. हा लेख मी ती थाप मागे घेण्यासाठी लिहितो आहे. मेलेल्या माणसाचे गोडवे वाचायची ज्यांना सवय आहे त्यांनी खुशाल पान उलटावं, माझी हरकत नाही.

आणि दैवाची गंमत बघा, किळस हाच मध्याचा विषय होता. दिल्लीतल्या एका कॉलेजात तो आधी प्राणिशास्त्र शिकवायचा, पुढे माणसाच्या मनाकडे वळला. राग, भीती, प्रेम यांवर सगळेच बोलतात, मी म्हटलं आपण या बिचाऱ्या शिसारीला न्याय द्यावा, असं म्हणायचा. आम्ही दोघं एकाच वर्षी दिल्लीत आलो. तो अकोल्याचा, मी मिरजेचा. मी एका मंत्रालयात कारकून म्हणून लागलो होतो, त्याला नुकतीच मास्तरकी मिळाली होती. करोलबागेत गच्चीवरची एक खोली, ज्याला इथे बरसाती म्हणतात, ती आम्ही मिळून घेतली. संडास एकच, घरमालकाच्या कुटुंबासकट सगळ्यांचा. मी पहिल्याच दिवशी बाजारातून माझी वेगळी बादली आणि वेगळा मग आणला, आणि बादलीवर ऑइलपेंटनं "शरद" असं नाव घातलं. संध्याकाळी येऊन बघतो तो खाली त्याच रंगात लिहिलेलं, "व फक्त शरद". मी भडकलो. तो खाटेवर पडून हसत होता. "शऱ्या, लेका, रागावू नकोस. तुला अभ्यासाला ठेवलंय मी. असा नमुना शोधून सापडत नाही."

नमुना तर मी होतोच. आमच्या घरी आजीचं सोवळं कडक, त्याचा पीळ माझ्यात उतरलेला. ढाब्यावर गेलो की मी चमचा चहात बुडवून पुसायचा, पुसलेला रुमाल पुन्हा खिशात ठेवायचा नाही, असले प्रकार. मध्या समोर बसून प्रश्न विचारायचा. एकदा माझ्या भातात केस निघाला. मी ताट सरकवलं. तो म्हणाला, "समोरच्या टेबलावरच्या बाईंचा असेल. मघाशी त्यांच्या वेणीकडे बघत होतास तेव्हा बरा वाटत होता का रे? तोच केस. दोन हातांचा प्रवास झाला फक्त." मी म्हटलं, जेवू दे. तो म्हणाला, "जेव की. तूच थांबलायस." मग त्यानं माझं ताट ओढलं, केस काढून बाजूला ठेवला आणि माझा भात संपवला. मला त्याचीही किळस आली होती, हे आज लिहून टाकतो.

त्याचं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर असं. तान्ह्या मुलाला किळस नसते. ते माती, झुरळ, स्वतःचं घाण फडकं, सगळं तोंडात घालतं. किळस येण्याची सोय मात्र शरीरात आधीपासून बसवलेली असते. कुजकं, नासकं पोटात जाऊ नये म्हणून लाखो वर्षांत शरीरानं तोंडाच्या दारावर एक राखणदार बसवला. म्हणून तर नाक मुरडतं, ओठ वर जातो, जीभ बाहेर येते... आत काही येऊ द्यायचं नाही, आलेलं बाहेर टाकायचं. इथवर ठीक. पण हा राखणदार अडाणी. त्याला कुजकं काय ते दाखवून द्यावं लागतं, आणि दाखवतात घरचे लोक. आई 'शी' म्हणते ते मूल शिकतं. मग ज्याला घरात 'शी' म्हणतील ते 'शी'... एखादं अन्न, एखादी वस्ती, एखाद्या जातीचा हात. "घाणीसाठी ठेवलेला रखवालदार आपण माणसांवर सोडला, शऱ्या. हाच सगळा इतिहास," असं तो म्हणायचा. आणि याच्या पुढचं एक वाक्य होतं, ते मी तेव्हा कानाआड केलं. माया असली की हा राखणदार बाजूला होतो. आईला आपल्या बाळाचं दुपटं धुताना काही वाटत नाही, शेजारच्या बाळाचं धुताना वाटतं.

इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्यानं जो तमाशा केला त्याची आठवण नोएडातली जुनी मराठी माणसं अजून काढतात. व्याख्यानाला विषय दिला होता 'मन आणि आहार'. समितीला वाटलं, मास्तर पालेभाज्यांवर बोलतील. यानं काय करावं? औषधाच्या दुकानातून स्टीलचं कोरं करकरीत बेडपॅन आणलं, खोक्यासकट. सगळ्यांसमोर खोकं फोडलं, बेडपॅन साबणानं धुतलं, उकळतं पाणी ओतलं, पुसलं, आणि त्यात किलोभर केशरी श्रीखंड ओतून म्हणाला, "या, प्रसाद घ्या." सभागृहात एकच 'शी!' झाली. बायकांनी पदर नाकाला लावले. अध्यक्षबाई उठून बाहेर गेल्या. मध्या शांतपणे चमच्यानं श्रीखंड खात म्हणाला, "तुमच्या घरातल्या पातेल्यापेक्षा हे स्वच्छ आहे. अकलेला पटतंय ना? मग हात का पुढे येत नाही?" मग त्यानं मला हाक मारली. "शरद, तू तरी ये यार." पहिल्या रांगेत बसलो होतो मी. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकलो आणि वाकूनच राहिलो. त्या दिवशी त्याच्यासोबत एकानंही श्रीखंड खाल्लं नाही.

पुढच्या वर्षी मंडळाची बस संक्रांतीला पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला निघाली. तिथे आपली माणसं पडली, म्हणून दरवर्षी जाऊन नमस्कार करून यायचा. जाताना बसमध्ये जयघोष काय, पोवाडे काय, एकेकाच्या अंगात नुसतं आलं होतं. सोनीपतच्या पुढे एका आजींना ओकारी झाली. सीटवर, लुगड्यावर, मधल्या वाटेत. एका क्षणात सगळा जयघोष बंद आणि वीररसानं फुरफुरणारी मंडळी नाकं दाबून बसच्या दुसऱ्या टोकाला. मी तर बस थांबायच्या आत दारात. मध्यानं कुणाचातरी पेपर घेतला, ओंजळीनं ती घाण गोळा केली, रस्त्याकडेची माती आणून वर टाकली, आजींचं तोंड स्वतःच्या मफलरनं पुसलं. मला आठवतं, त्या आजी रडत होत्या, ओकारीमुळे नव्हे, लाजेनं. मध्या त्यांना म्हणत होता, "आजी, पोटाचं कामच आहे ते. छान काम केलं त्यानं." मी खाली उभा राहून चार वेळा हात धुतले. माझ्या हाताला काहीही लागलेलं नव्हतं.

तरीही आमची मैत्री टिकली, हे कुणाला खोटं वाटेल. लग्नं झाली, बदल्या टळल्या, दोघांनी नोएडात फ्लॅट घेतले, आणि दर रविवारी दहा वाजता त्याच्या घरी चहा, हा नेम वीस वर्षं चालला. माझ्यासाठी वहिनी वेगळा कप ठेवत, मी न सांगता. भांडण एकदाच झालं. आमच्या सोसायटीचा मी तेव्हा सेक्रेटरी होतो. कामवाल्या बायका, कचरेवाले, डिलिव्हरीवाले यांनी मोठ्या लिफ्टनं येऊ नये, मागच्या लिफ्टनं यावं, असा ठराव झाला. मसुदा मी केला, खाली सहीही माझीच. आयुष्यभर सरकारी टिपणं लिहिलेला माणूस, मी तो असा काही लिहिला की वाचणाऱ्याला वाटावं ही त्या बायकांचीच सोय आहे. रविवार नव्हता तरी मध्या आला. लिफ्टमधली नोटीस वाचून वर आला होता. बसला नाही. मी म्हटलं, "अरे, तूच सांगतोस ना, हे शरीरातच असतं, लाखो वर्षांचं. लोकांना वास येतो, ते काय करणार?" तो म्हणाला, "नाक लाखो वर्षांचं असेल. सही परवाची आहे." आणि दारापर्यंत जाऊन परत वळला. "एखादी गोष्ट का होते हे मी सांगतो, शरद. ती चालेल असं मी कधीही म्हणालो नाही. माझ्या शास्त्राच्या आड लपू नकोस." शऱ्या न म्हणता शरद म्हणाला, यावरून मला कळलं की तो खरंच दुखावलाय. ती नोटीस आजही तिथेच आहे. मी काढवली नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी त्याच्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पोटाला भोक पाडून बाहेर पिशवी लावली, पुढे जखम चिघळली. घरी आणल्यावर त्याला सांभाळायला उत्तर प्रदेशातल्या गोंड्याकडचा रामसुरत म्हणून एक पन्नाशीचा माणूस ठेवला होता, शांत, कामाला वाघ. पहिल्या रविवारी मी गेलो. वहिनींनी उपमा दिला. पहिला घास घेतला आणि त्या पिशवीचा आवाज झाला... मग वास आला. जखमेचा आणि पिशवीचा मिसळलेला. शेजारी खाली बसून रामसुरत रोटी-भाजी खात होता, त्यानं घास न थांबवता विचारलं, "बाबूजी, अभी बदल दें कि खा के?" मध्या म्हणाला, "आराम से खाओ भाई." "फोन आहे, अर्जंट" म्हणून मी बाल्कनीत पळालो आणि तिथे उभा राहून कोणाशी तरी बोलल्याचं नाटक केलं. आत आलो तेव्हा माझी बशी कुणीतरी उचलून नेली होती. मध्यानं पंखा वाढवायला सांगितला, थंडीच्या दिवसांत.

दुसऱ्या वेळी मी मास्क लावून गेलो. दिल्लीची हवा तेव्हा इतकी घाण होती की समोरची बिल्डिंग दिसत नव्हती, त्यामुळे निमित्त आयतं मिळालं. मास्कच्या आत कापूर ठेवला होता. मध्या म्हणाला, "बाहेर हवा फार खराब आहे का रे?" मी म्हटलं, "विचारू नकोस, डोळे झोंबतात." तो म्हणाला, "अच्छा. मग राहू दे मास्क. आत पण काही फार बरी नाही." हसला. मीही हसलो, बेशरमासारखा. दहा मिनिटांत निघालो. तिसऱ्या रविवारी त्यांच्या गेटापर्यंत गेलो, गार्डच्या रजिस्टरमध्ये नाव लिहायला पेन उचललं आणि ठेवून परत फिरलो. घरी येऊन फोन केला की कंबर धरली आहे.

तेव्हा तो म्हणाला... त्याचे शब्द मला तोंडपाठ आहेत. "शऱ्या, उगाच कंबरेला बदनाम करू नकोस. येऊ नकोस तू. तुझा दोष नाही यात. मेंदूचा तो भाग फार जुना, त्याला मैत्री-बित्री कळत नाही. त्यानं 'पळ' म्हटलं की पाय पळतात. हे बायॉलॉजी आहे, यार. फोन करत जा, बस्स." ज्या माणसानं मला 'माझ्या शास्त्राच्या आड लपू नकोस' म्हणून सांगितलं, तोच माणूस स्वतः तो आडोसा उभा करून मला म्हणत होता, ये, लप. ते त्याला स्वतःला पटत नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. बिल्कुल कळलं होतं. आणि मी काय म्हणालो? "बरं." इतक्या पटकन म्हणालो की त्याचं वाक्य पुरं व्हायचं होतं.

मग दर रविवारी दहाला फोन. तब्येत, क्रिकेट, मंडळातली भांडणं, माझी शुगर. पंधरा मिनिटं. तो छान बोलायचा. आवाज बारीक होत गेला, पण थट्टा गेली नाही. फोन ठेवला की मला बरं वाटायचं, कर्तव्य केल्यासारखं. आणि मग दिवसभर ते त्याचं जुनं वाक्य डोकं खायचं... माया असली की राखणदार बाजूला होतो. वहिनींचा झाला होता. दोन महिन्यांच्या ओळखीच्या रामसुरतचा झाला होता. माझा पंचेचाळीस वर्षांत झाला नाही. मग माझी माया होती तरी का? हे त्याला विचारायचं धाडस मला झालं नाही. उत्तर त्यालाच माहीत असणार होतं.

शोकसभेत तर किळसच किळस. श्रीखंडाच्या दिवशी उठून गेलेल्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "सरांनी आम्हाला विचार करायला शिकवलं." गुरुग्रामच्या कंपनीतला एक सूटवाला, त्याचा जुना विद्यार्थी, म्हणाला, "सरांचा मंत्र होता, जो ताकदवान तोच टिकतो, आणि मी ऑफिसात तोच फॉलो करतो." मध्या वर्गात या एका वाक्यावर चिडून खडू फेकायचा! टिकतो म्हणजे परिस्थितीशी जुळतो, रे गाढवांनो, मारतो असं नव्हे, असं ओरडायचा. आणखी एकानं सांगितलं, सर म्हणायचे सगळं रक्तातच असतं. मी खुर्चीत चरफडत होतो. मेलेल्या माणसाच्या तोंडी वाटेल ते घालतात, शी! मग माझं नाव पुकारलं. मी उठलो, आणि या सगळ्यांपेक्षा घाण गोष्ट केली. त्यांना निदान विषय कळला नव्हता, मला कळलेला होता. "मी शेवटपर्यंत त्याच्या सोबत होतो." वहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. सभा संपल्यावर चहाच्या रांगेत माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "भावोजी, रविवारी घरी या. दहाला." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी सबब सांगितली असती.

गेलो. दार रामसुरतनं उघडलं, तो आवराआवरीला थांबला होता. वहिनी मला सरळ त्या खोलीत घेऊन गेल्या. औषधं, ऑक्सिजन, सगळं गेलेलं. नुसता लोखंडी पलंग, गादी काढलेला. आणि पलंगापासून लांब, खिडकीला जवळजवळ टेकून, जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची. तिच्या चारही पायांभोवती फरशीवर खडूच्या खुणा होत्या.

"ही तुमची," वहिनी म्हणाल्या. मला कळेना. त्या सांगू लागल्या. "तुम्हाला येऊ नको म्हणाले ना, त्याच दिवशी दुपारी यांनी हे काम काढलं. पंखा कितीवर, खिडकी किती उघडी, आणि खुर्ची कुठे ठेवली की वास पोचत नाही. मला बसवायचे, रामसुरतला बसवायचे. आता येतो? आता? आम्ही म्हणायचो, नाही येत. खरं सांगू भावोजी, आम्हाला कुठेच येत नव्हता. नाक सरावलं होतं. ते यांच्याही लक्षात आलं. म्हणाले, तुमची नाकं बाद, बाहेरचं नाक आणा." वहिनींना त्यातही हसू आलं. "मग गेटवरच्या गार्डला वर बोलावलं. अनोळखी माणूस हो. त्याला यांनी पांघरूण काढून पिशवी दाखवली, म्हणाले, 'भैया, शरमाना मत, सच बोलना.' तो बिचारा तासभर खोलीत इकडून तिकडे उभा राहत होता. इथे येऊन म्हणाला, 'साहब, यहाँ से नहीं आती.' तेव्हा खडू मागवला."

जो माणूस पिशवी बदलताना वहिनींनाही बाहेर जायला सांगायचा, हे त्यांनीच मला पूर्वी फोनवर सांगितलं होतं, त्यानं एका परक्या माणसासमोर पांघरूण काढलं. माझ्या नाकासाठी. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभा होतो. बसायची हिंमत होत नव्हती. मी विचारलं, "पण मला त्यानं येऊ नको म्हणून सांगितलं होतं, वहिनी." त्या म्हणाल्या, "हो. आणि दर रविवारी आठला आंघोळ करायचे. त्या हालतीत. इस्त्रीचा शर्ट. नऊला नवी पिशवी. साडेनऊला खुर्ची खुणेवर आहे ना, बघ, म्हणून रामसुरतला सांगायचे. सोळा रविवार. मी म्हणायचे, अहो सरळ बोलवा ना त्यांना. तर म्हणायचे, बोलावलं तर तो येईल, आणि त्याला त्रास होईल. आपणहून आला तर त्याची तयारी असेल."

रामसुरत दारात उभा होता. मराठी त्याला कळत नव्हतं, पण खुर्चीचं चाललंय हे कळलं असावं. तो म्हणाला, "बाबूजी दस बजे तक दरवाज़े की तरफ़ देखते थे. फिर आपका फ़ोन आता था."

"फोन वाजला की कळायचं, आज पण नाही," वहिनी म्हणाल्या. "मग हसत उचलायचे."

मी बसलो त्या खुर्चीवर. चहा आला, हातात धरून बसलो. खिडकीतून ऊन पाठीवर येत होतं, पंखा दोनवर होता. कसलाही वास नव्हता. गार्डनं जागा बरोबर सांगितली होती. समोरचा पलंग मी नजरेनं मोजला, चार पावलं. वहिनी म्हणाल्या, "इथून बोललेलं त्यांना ऐकू जायचं हं, तेही तपासून घेतलं होतं." मी पलंगाकडे बघून बोलायला तोंड उघडलं.